गाड्यांच्या चौकटीत तुळस

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रूळ दिसतात, एवढ्या एका कारणासाठी मी भाईंदरची ही जागा घेतली, हे बायकोला कळलं तेव्हा सामान लावून झालं होतं. गिरगावातली खोली सोडून खाडीच्या अलीकडच्या शेवटच्या स्टेशनावर यायचं म्हणून नातेवाइकांनी आधीच तोंडं वाकडी केली होती. केबिन रोडच्या मागे रुळांकडे तोंड करून उभी असलेली आमची इमारत, तिसरा मजला. बायको येईल त्याला सांगायची, "लोक समुद्र बघून घर घेतात, आमच्या माणसानं मालगाडी बघून घेतलं."

खोटं नव्हतं. मला प्रवासाची हौस नाही. गाडीत बसलं की गाडी दिसत नाही. मला ती जाताना बघायची असते: इंजिन कुठलं लागलंय, मागे टँकर आहेत की कोळशाच्या वाघिणी. हे वेड असलेली माणसं जगात भरपूर आहेत आणि ती इंटरनेटवर एकमेकांना हुडकून काढतात, हे मला बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर समजलं. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. मी कॉम्प्युटर घेतला, एक गोल डोळ्याचा कॅमेरा घेतला आणि तो खिडकीच्या कडेच्या गजाला तारेनं तिरका बांधला; खिडकीत वाकणाराही त्यात यायचा.

कॅमेरा बांधला मी, पण वेबसाइटचं पान बनवलं मुलीनं. ती तेव्हा अंधेरीला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. रविवारी माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायची आणि माझ्या चुका काढायची. तेव्हा चालता-बोलता व्हिडिओ वगैरे काही नव्हता. टेलिफोनच्या तारेतून दर मिनिटाला एक फोटो कसाबसा वर चढायचा, आणि पान उघडून बसलेल्या लोकांना तो दिसायचा. बहुतेक फोटोंत नुसते रूळ. मेल गाडी धाडधाड निघून जायची ती नेमकी दोन फोटोंच्या मधे. कधी एखादं इंजिन चौकटीत सापडलं की जगभरातले आम्ही मूठभर खुळे लॉटरी लागल्यासारखे एकमेकांना कळवायचो. आमचा फोन कायम गुंतलेला असायचा. रत्नागिरीहून माझी मेहुणी फोन करकरून थकायची आणि मग शेजाऱ्यांकडे करायची.

त्याच शेजाऱ्यांकडून आमच्या घराला आग लागली. शेजारीणबाई गुजराती, मनानं मोकळ्या. एका सकाळी जिन्यात त्यांनी बायकोला अडवलं आणि विचारलं, "भाभी, मिठाई कब खिला रहे हो?" कसली मिठाई? तर आमच्या मुलीनं ऑफिसातल्या एका मुलाशी रजिस्टर लग्न केलं होतं आणि साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांची मुलगी गेली होती. बायको हातात भाजीची पिशवी घेऊन तशीच हसली, "खिलाऊंगी ना," म्हणाली, आणि घरात येऊन दार लावून घेतलं.

मुलगा मराठी नव्हता, पण तो मुद्दाच नव्हता. बायको दोन महिने रुसली असती आणि मग त्याला पुरणपोळी खाऊ घातली असती, एवढं मी तिला ओळखतो. पण आपल्या पोटच्या पोरीचं लग्न आपल्याला जिन्यात कळावं, हे तिला सहन झालं नाही. त्या संध्याकाळी मायलेकी जे बोलल्या ते मी लिहीत नाही. दोघींची जीभ सारखीच. शेवटी मुलगी म्हणाली, "तू बोलावल्याशिवाय मी या घरात फोनसुद्धा करणार नाही." आणि बॅग घेऊन गेली. महिन्याभरात नवऱ्याबरोबर आखातात नोकरीला गेल्याचंही आम्हाला बाहेरूनच कळलं.

मी तिचा नंबर मिळवला होता. बायकोनं तो माझ्या डायरीत पाहिला आणि पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही तिला फोन केलात, पत्र पाठवलंत, तर माझं मेलेलं तोंड बघाल."

"आणि ई-मेल?" मी चेष्टेनं विचारलं.

"ते काय असेल ते. तेसुद्धा."

मी देवाधर्माची टिंगल करणारा माणूस. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच वाटेनं जातो. पण ही शपथ मला मोडवली नाही. आमच्याकडे ही शपथ म्हणजे बोलणं संपलं. माझ्या आईनं ती वडिलांना घातली होती आणि वडिलांनी तंबाखू सोडली होती.

बायकोनं शपथेतून एक गोष्ट वगळली होती, कारण तिला ती माहीत नव्हती. पान कुठून उघडलं गेलं ते मला दिसायचं. अमेरिका, इंग्लंड, पुणे, बडोदा हे नेहमीचे. त्यात आता रोज दिवेलागणीला आखातातून कुणी एक जण यायला लागलं. थोडा वेळ थांबायचं आणि जायचं. माझ्या गाड्यांच्या गोतावळ्यात तिकडचं कुणीच नव्हतं. काही दिवस मी ते पोटात ठेवलं. मग जेवताना सहज सांगितलं.

"बघेना का," बायको म्हणाली. "गाड्या बघत असेल."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं इस्त्रीची साडी नेसून तुळशीला पाणी घातलं.

तुळशीची कुंडी त्याच खिडकीत होती, चौकटीच्या अगदी कडेला, एखाद-दुसरं पान दिसे. पाणी सकाळी घालायचं असतं हे तिनंच मला लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं. आता पाणी संध्याकाळवर गेलं. मग दिवाही तिथेच लागू लागला. मग कुंडी रोज बोट-बोटभर सरकत चौकटीच्या मधोमध आली. पाडव्याला गुढी नेहमी हॉलच्या गॅलरीत असायची, ती त्या वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीत आली. दिवाळीत कंदील तिथेच. उन्हाळ्यात सांडगी मिरच्यांचं ताट तिथेच. दर मिनिटाला एक फोटो, म्हणून ती प्रत्येक काम संथपणे करायची आणि फोटो निघेपर्यंत हात तिथेच ठेवायची. वर मला विचारायची, "गेला का हो?" तोपर्यंत लोटी तिरकी धरून उभी. आणि हे सगळं तुळशीसाठी बरं का.

गाड्यावाले चिडले. रुळांचा अर्धा भाग झाडानं खाल्ला होता. बडोद्याचा एक गृहस्थ तर फार शिस्तीचा. त्यानं दोनदा लिहिलं की कृपया झाड हलवावं. मी उत्तर दिलं, झाड हलणार नाही, हवं तर गाडी सरकवून घ्या.

पानावर लोकांना अभिप्राय लिहायला एक जागा होती. एके दिवशी तिथे इंग्रजी अक्षरांत पण मराठीत एक ओळ आली. नाव नाही. "तुळशीला पाणी जास्त होतंय, पानं पिवळी पडलीत."

मी ती बायकोला वाचून दाखवली. ती उसळलीच. "कालची पोर मला शिकवते! मी हिच्या जन्माआधीपासून तुळस लावतेय." मग पुटपुटत खिडकीपाशी गेली, मातीत बोट खुपसून पाहिलं आणि त्या दिवशी अर्धीच लोटी घातली. रात्री मात्र दोन घास जास्त जेवली. पुढे तसं अधूनमधून चाले. "कंदील मागच्या वर्षीचाच आहे." मग नवा कंदील. "आज उशीर झाला." मग दुसऱ्या दिवशी घड्याळाकडे बघत दिवा. एक अक्षर बोलायचं नाही, आणि तरी दोघींचं भांडण छान चाललं होतं. मला वाटायचं, अशीच एक दिवस ही म्हणेल की अहो, लावा तिला फोन. मी त्या दिवसाची वाट बघत होतो, आणि तो लांब नाही अशी माझी खात्री होती.

मधल्या काळात इंटरनेट बदललं. केबलवाल्यानं गच्चीगच्चीवरून तार ओढून आणली, मग ब्रॉडबँड आलं. फोटोंच्या जागी हलतं चित्र आलं. आता मेल सुटायची नाही, पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत दिसायची. गंमत थोडी गेलीच, पण बायकोचा हात हलताना दिसू लागला, पाण्याची धार दिसू लागली. अडचण एकच होती. माझ्या लाइनीवरून एका वेळी तीन-चार जणांनाच चित्र जायचं. पाचवा आला की त्याला नुसती काळी चौकट दिसायची. गाड्यावाल्यांची गर्दी वाढली तसा मला घोर लागला, की पोरगी ऑफिसातून येऊन बसत असेल आणि तिला काळी चौकट दिसत असेल.

तेवढ्यात परदेशातल्या काही साइट निघाल्या. आपण चित्र एकदा त्यांच्याकडे पाठवायचं, ते पुढे हजारोंना दाखवणार, फुकट. चित्रही स्वच्छ. मी आनंदानं गेलो. तिला आईचा चेहरा नीट दिसेल, हा एकच विचार डोक्यात होता. जुन्या पानावर लिहिलं: आता इथे बघा, आणि खाली नवा पत्ता. अभिप्रायांची जागा तोवर औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींनी भरून वाहत होती. ती मी काढून टाकली.

नव्या साइटवर कोण कुठून बघतंय ते कळत नसे. चित्राच्या खाली फक्त एक आकडा: इतके जण बघताहेत. बायको दिवा लावून वळली की विचारायची, "किती?" मी म्हणायचो, "चौदा." किंवा "अकरा." ती मान हलवायची. त्या अकरांत एक आपली, असं आम्ही दोघांनी न बोलता धरून टाकलं. ओळी येणं बंद झालं होतं, पण लिहायची जागाच राहिली नव्हती. नव्या साइटवर गप्पांची एक पट्टी होती, तिथे सगळे इंग्रजीत इंजिनांचे नंबर टाकायचे. त्यात पोरगी तुळशीबद्दल काय लिहिणार, असं मी समजलो.

मग बायकोचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी, मग काशीमीऱ्याच्या बाजूचा एक डॉक्टर, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी तिला सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. काही आठवड्यांत ती आतल्या खोलीतल्या पलंगावर आली. संध्याकाळी मी म्हणालो, "तुळशीपाशी दिवा मी लावतो."

"नको," ती म्हणाली. "लावू नका. दिसू दे तिला, मी नाहीये ते. बघू काय करते."

मला कळलं. ही फोन करणार नव्हती, पण बोलावत मात्र होती. आपली जागा रिकामी ठेवून बोलावत होती. स्वयंपाकघराचा फोन तिनं लांब तारेनं पलंगाजवळ आणून घेतला, डॉक्टरला लागला तर म्हणून. तो वाजला की ती डोळे उघडायची. विम्याचा माणूस, मेहुणी, राँग नंबर. ती डोळे मिटायची. थोड्या वेळानं विचारायची, "किती जण बघतायत?"

"नऊ."

"हं."

त्या 'हं'नं माझं काळीज तुटायचं. मी फोन उचलायला हात पुढे केला नसेल असा दिवस गेला नाही. पण शपथ अशी होती की ती मोडली तर तिचं मेलेलं तोंड बघायचं. धडधाकट होती तेव्हा मी त्या शपथेला हसत होतो. आता तिचा चेहरा असा झाला होता की तो नंबर फिरवायची माझी छाती होईना. मांजर आडवं गेलेल्या वाटेनं जाणारा मी. हसा, हवं तर.

म्हणून मी पळवाट काढली. साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं, जाड मार्करनं त्यावर लिहिलं: "आई फार आजारी आहे. फोन कर." आणि ते तुळशीला टेकवून कॅमेऱ्यासमोर उभं केलं. याला फोन म्हणत नाहीत, पत्र म्हणत नाहीत. बायकोला मी हे सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बडोद्याच्या गृहस्थानं विचारलं, हा फलक कशासाठी, रूळ अजिबात दिसत नाहीत. पुण्याच्या एका पोरानं मात्र तो वाचला. कधी भेटलेला नाही, नुसता इंजिनांच्या गप्पांतला ओळखीचा. त्यानं लिहिलं, "काका, काकू कशा आहेत? कुणाला कळवायचंय का? नंबर द्या, मी फोन करतो."

तेव्हा तो फलक लावून आठवडा होऊन गेला होता, आणि माझा संताप डोक्यात गेला होता. परका पोरगा वाचतो, विचारतो. आणि जिच्यासाठी लिहिलं ती रोज बघते आणि गप्प बसते. आईसारखीच हट्टी, आईहून दगड. मी त्याला लिहिलं, "नको. जिला कळायचं तिला कळलंय." आणि फलक काढून माळ्यावर फेकला.

बायको त्यानंतर फार दिवस राहिली नाही. शेवटी शेवटी ती आकडा विचारेनाशी झाली. एकदा फक्त म्हणाली, "मीच जास्त बोलले होते तिला." मी म्हटलं, तीही कमी बोलली नव्हती. मग बायकोनं फोन परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवायला सांगितला. सारखा वाजतो, झोप लागत नाही म्हणे. खरं तर तो आता वाजतच नव्हता.

ती गेल्यावर मी मुलीला फोन केला. शपथ फिटली होती. मी "आई गेली" एवढंच बोललो आणि ठेवून दिला. ती मिळेल त्या विमानानं आली. दारातून आत येताना ज्या आवाजात रडली तो आवाज मी कोरड्या डोळ्यांनी ऐकला. मनात म्हटलं, आता कशाला? दिवस होईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. घर रत्नागिरीच्या पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. ती माझ्यासमोर चहा ठेवायची आणि उभी राहायची, आणि मी पेपर उघडायचो.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी पाणी प्यायला गेलो तर ती खिडकीपुढे उभी राहून गजावरच्या कॅमेऱ्याकडे बघत होती.

"बाबा, हा चालू आहे?"

"कधी बंद होता?" मी म्हणालो. तेरा दिवसांतलं ते माझं पहिलं वाक्य.

"नव्या साइटवर?"

"दिसतोय ना तुला. रोज बघतेस ना?"

ती हळूहळू बोलली, जणू मीच आजारी होतो. "ती साइट आमच्याकडे उघडत नाही, बाबा. तिकडच्या सरकारनं बंद केलीय. नुसती पाटी येते, इथे परवानगी नाही. मी कितीतरी दिवस रोज बघायचे, परत चालू झाली का म्हणून. मला वाटलं, तुम्हाला हे माहीत असणार, तुम्हाला यातलं सगळं कळतं. मला वाटलं, आईला राग आला मी बघते म्हणून, आणि तिनंच तुम्हाला तिकडे हलवायला लावलं. मग मीही सोडून दिलं."

मला त्या नऊ जणांची आठवण झाली, अकरांची, चौदांची. कोण होते ते देव जाणे. बायकोनं त्यांच्यासाठी साड्या नेसल्या होत्या.

मी तिला सगळं सांगितलं. रिकामी ठेवलेली जागा, पलंगाजवळचा फोन, माळ्यावरचं झाकण, पुण्याचा पोरगा. सांगायला नको होतं, हे मला सांगता सांगताच कळत होतं, पण थांबता येईना. ती खाली फरशीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे आई गेली तेव्हा तिला वाटत होतं, मी बघतेय आणि तरी फोन करत नाहीये?"

"हो," मी म्हणालो.

"मग आता तिला कसं सांगायचं, बाबा, की मला दिसतच नव्हतं?"

ती खरोखरच विचारत होती. माझ्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत. मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो.